आमची वाटचाल : बोटांपासून गेजपर्यंत

आमचं वर्कशॉप दोन जुन्या लेथवर सुरू झालं. हे मेकॅनिकल इंजिनिअर. चांगल्या पगाराची नोकरी सोडून ह्यांनी बुश आणि शाफ्टच्या जॉबवर्कला हात घातला, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. मलाही नाही. मी बिलं करायचे, हिशेब बघायचे आणि पैसे थकवणाऱ्यांच्या मागे लागायचे. मशीनशी माझा संबंध ह्यांच्या कपड्यांना येणाऱ्या कूलंटच्या वासापुरता.

पहिल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कामं मिळाली, अडली, पुन्हा मिळाली. पुढे संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं, माणसं वाढली. नाव झालं ते मात्र ह्यांच्या बोटांमुळे. बोअरच्या, म्हणजे जॉबमधल्या भोकाच्या, कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे कापल्यावर उरणारी धातूची बारीक कूस, राहिलीय का ते सांगायचे. मायक्रोमीटर लावायच्या आधीच ‘हा मोठा झालाय’ म्हणायचे, आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. हट्ट एकच : मशीनवरून उतरवलेला जॉब गरम असताना मोजायचा नाही. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे साडेअकरा हजारांश, वाढतं. १०० मिमीच्या बोअरला एच७ मध्ये, म्हणजे भोकाच्या अचूकतेच्या एका ठरलेल्या दर्जात, सूट मिळते ३५ मायक्रॉनची. जॉब २० अंशांनी गरम असेल तर त्यातले २३ उष्णताच खाऊन टाकते. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी जॉब गार होईपर्यंत त्याला थांबावं लागे.

घराच्या बाबतीतही हे असेच अडून बसत. एका मोठ्या ऑर्डरसाठी महिनाभर बाहेर राहावं लागणार होतं. धाकटा तेव्हा बोलताना अडखळायचा आणि स्पीच थेरपीला त्याला हेच घेऊन जात. ह्यांनी ऑर्डर सोडली. कर्जाचा हप्ता तोंडावर होता, मी चांगलीच चिडले. ते काम ज्याने घेतलं तो आज आमच्यापेक्षा मोठा आहे. असो. धाकटा आता बोलायला लागला की थांबत नाही.

मग ह्यांना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शौचातून जाणारं रक्त मूळव्याधीचं, असं ह्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पुरुषाच्या अंगातलं लोह कमी होत असेल तर ते जातंय कुठे हे शोधावं लागतं आणि त्यासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. म्हणजे चौथी स्टेज.

दर दोन आठवड्यांनी केमो. त्यातलं एक औषध ४६ तास चालायचं, घरीच, कमरेला लावलेल्या पंपातून. पंप म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीतला एक फुगा. बॅटरी नाही, मोटर नाही. फुगा आकसत जातो, औषध पुढे ढकललं जातं, आणि वेग ठरतो तो नळीतल्या बारीक छिद्राच्या तुकड्यावर. तो तुकडा अंगाला चिकटवून ठेवायला का सांगतात, हे ह्यांनी नर्सकडून काढून घेतलंच. गरम झालं की द्रव पातळ होतो आणि जास्त वेगाने जातो. अंगाची ऊब त्या मानाने स्थिर असते. ‘बघ, इथेही तापमान!’ म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटलाही समजावून दिलं. त्या बिचाऱ्याला झोपायचं होतं.

केमोतल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने मात्र बोटं नेली. आधी गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. सकाळी लेथचं हँडल धरवायचं नाही. पुढे गारवा नसतानाही बोटं बधिर राहू लागली. शर्टाचं बटण लागेना, बर कळेना.

तेव्हा ह्यांनी ठरवलं की यापुढे कुठलंच काम कुणाच्या बोटांवर सोडायचं नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रत्येक जॉबला प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दोन टोकांचा दांडा. २५ मिमी एच७ चा बोअर असेल तर गो बाजू २५.००० आणि नो-गो २५.०२१, पहिली आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ते रुसले. ‘माझ्या हातावर भरवसा नाही का?’ हे म्हणाले, ‘मामा, माझ्याच हातावर उरला नाही.’ पुढच्या जॉबचं गेज मामांनी स्वतः मागून घेतलं.

पंप लावलेल्या दिवसांत हे घरी टेबलावर ड्रॉइंग पसरून बसत आणि एकेका जॉबचं पान सांगत : कुठलं टूल, किती स्पीड, मोजण्याआधी किती वेळ गार करायचं. पेन धरवत नसल्याने लिहायला मी. न समजता लिहिलेलं ह्यांना लगेच कळायचं, मग तेवढ्यासाठी अर्धा तास शिकवणी. ड्रॉइंग वाचायला मी अशी शिकले. मुलं शाळेतून आली की मात्र ड्रॉइंगची गुंडाळी व्हायची.

हे गेले तेव्हा निम्म्याहून जास्त पानं झाली होती. उरलेली मामांनी आणि मी पूर्ण केली. काही गिऱ्हाइकं सोडून गेली. एकाने बरेच महिने प्रत्येक लॉटला स्वतःचा इन्स्पेक्टर पाठवला आणि मग पाठवणं बंद केलं. गो बाजू रोज जॉबमध्ये शिरते म्हणून तीच आधी झिजते, तेव्हा गेज ठरलेल्या मुदतीत तपासायला जातात. तो खर्च मी कधीच कापत नाही.

मुलगी आता इंजिनिअरिंग शिकतेय. तिला सीएमएम, म्हणजे जॉबची मापं घेणारं मशीन, हवंय. मग खोली चोवीस तास २० अंशांवर ठेवणं आलं, आणि वीजबिलही. चालू कर्ज फिटल्याशिवाय नाही, असं मी सांगितलंय. तिने कोटेशनं मागवून ठेवलीत.