पॅरिस, पॉइंट्स आणि पंचतारांकित हॉटेल: नाश्त्याच्या कागदावर सही करू नका

आधी मुद्द्याचं. हॉटेल साखळीच्या ज्या लेव्हलच्या मेंबरशिप कार्डावर भारतात किंवा बँकॉकला दोघांचा बुफे नाश्ता फुकट मिळतो, त्याच कार्डावर पॅरिसमध्ये तो मिळेलच असं नाही. काही साखळ्यांचा नियम खंडानुसार बदलतो. आशियात जो मेंबरचा हक्क, तो युरोपात पैसे मोजून. अॅपमध्ये हे लिहिलेलं असतं, पण अटींच्या तळाशी, बारीक अक्षरात. आम्ही बुकिंगआधी कस्टमर केअरला मुद्दाम फोन केला होता. पलीकडच्या गृहस्थांनी "येस सर, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड" असं छातीठोकपणे सांगितलं.

आमचं हॉटेल होतं ऑपेरा गार्निए ह्या जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला, हॉटेलचं नाव सांगत नाही. पहिल्या सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये एका मुलीने हसून खोलीचा नंबर विचारला, चांदीच्या किटलीतून कॉफी ओतली आणि चामड्याच्या छोट्या फोल्डरमध्ये एक कागद पुढे केला. "फक्त रूम नंबरसाठी." बायकोने सही केली. दुसऱ्या सकाळी मी केली. रिसेप्शनवर बिल मागितलं तेव्हा माणशी 42 युरो लावलेले, म्हणजे डोकं गरगरायला लावणारे चार हजार रुपये, तेही रोज, दोघांचे. क्रुआसाँ उत्तम होता, पण चार हजारांचा नव्हता.

मग हुज्जत. मी अॅप दाखवलं, त्यांनी अटी दाखवल्या. फोनवरचं आश्वासन त्यांच्या लेखी शून्य. आवाज चढवला की तिथली माणसं थंड होतात, उपयोग होत नाही. "बोंजूर" म्हणून पुन्हा सुरुवात केली, शांतपणे "जेस्त कोमेर्सियाल" मागितला, म्हणजे ग्राहक टिकवण्यासाठी दिलेली सूट, तेव्हा एका दिवसाचा नाश्ता माफ झाला. दुसऱ्याचे पैसे गेले ते गेलेच. तुम्ही हॉटेललाच ईमेल करा, उत्तर लेखी घ्या आणि चेक-इनला तेच पुढे करा. "हो" नसेल तर कोपऱ्यावरच्या बुलांजरीत, म्हणजे बेकरीत जा. दोघांचं खाणं नि कॉफी दहा युरोंच्या आसपास होते. कॅफेत बसायच्या ऐवजी काउंटरशी उभं राहून कॉफी प्यायलात तर ती अजून स्वस्त.

अपग्रेडचंही ऐका. आम्हाला "डीलक्स" मिळाली, सर्वांत वरच्या मजल्यावर, उतरत्या छताखाली. एकोणिसाव्या शतकात पॅरिस नव्याने आखणाऱ्या ऑस्मानच्या काळातल्या इमारतींत ह्या खोल्या मोलकरणींच्या असत. आता त्यातच संगमरवरी बाथरूम. खिडकीतून जस्ताच्या छपरांचा देखावा दिसतो, तो मात्र खरोखर लाजवाब. पण मी उंच आहे, पलंगावरून उठताना दोनदा कपाळ आपटलं. उंच माणसांनी अपग्रेड नाकारून खालच्या मजल्यावरची, आतल्या चौकाकडची शांत खोली मागावी.

टॅक्सचं समजून घ्या. फ्रान्समध्ये खोलीच्या दाखवलेल्या दरात व्हॅट धरलेला असतो, आपल्याकडच्यासारखा जीएसटी वर चढत नाही. चढतो तो मुक्काम कर, माणशी, रात्रीमागे. तारे जितके जास्त तितका कर जास्त, आणि पाच ताऱ्यांच्या वर "पॅलेस" हा खिताब असला तर सर्वांत जास्त. पॅरिस परिसरात सार्वजनिक वाहतुकीसाठी 2024 पासून तो बराच वाढवलाय, पंचतारांकितला माणशी दहा युरोंच्या वर. पॉइंट्सवर फुकट मिळालेल्या रात्रीलाही तो भरावाच लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, बिलात चढवला असेल तर काढायला लावा.

चेक-आउटला मशीनवर "रुपये की युरो" असं विचारतील. आमच्या वेळी रिसेप्शनच्या बाईंनी न विचारताच रुपये दाबले होते. रद्द करून युरोत करून घ्या, रुपयांचा त्यांचा भाव तुमच्या बँकेपेक्षा वाईटच असतो. चेक-इनला ते कार्डावर रक्कम ब्लॉक करतात, त्यासाठी फॉरेक्स कार्ड देऊ नका, काही दिवस पैसे अडकतात. क्रेडिट कार्ड द्या.

पहाटे उतरणारी फ्लाइट असेल तर खोली सहसा दुपारी तीनशिवाय मिळत नाही, कार्ड कितीही चकाकतं असो. रात्रभर जागून आलेल्या माणसाला तीन वाजेपर्यंत लॉबीत बसवणं हा सरळ छळ आहे, हे मी त्याच मनःस्थितीत लिहितोय. बॅगा ठेवा आणि बाहेर पडा. चार वाजेपर्यंतचं लेट चेक-आउट मात्र त्यांनी विनातक्रार दिलं. रात्रीची परतीची फ्लाइट असेल तर कार्डाचा खरा फायदा एवढाच.

मधले दिवस छान गेले. लूव्र म्युझियम, सीन नदी, नेहमीचंच, त्यावर लिहायला काही नाही.

विमानतळावरून टॅक्सीचा दर ठरलेला आहे: 2025 मध्ये शार्ल द गोलवरून सीनच्या उजव्या (उत्तरेच्या) काठाला 56 युरो, डाव्या (दक्षिणेच्या) काठाला 65 होता. हॉटेलची "खास गाडी" ह्याच्या दुप्पट सांगते, घेऊ नका. आगमन कक्षात "टॅक्सी? टॅक्सी?" म्हणत जवळ येतील त्यांच्याकडे बघूही नका, रांगेतली घ्या. बॅग एकच असेल तर आरईआर बी ही लोकल ट्रेन, 2025 मध्ये तिकीट 13 युरो होतं.