स्वयंपाकाला दहापैकी किती?

आषाढातल्या एका शुक्रवारी कोल्हापुरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सगळ्या घरांचे एकत्र जेवण झाले. त्र्यंबोली देवीला पंचगंगेचे नवे पाणी घेऊन जाणाऱ्या गल्ल्यांमधून दिवसभर पी ढबाक वाजंत्री ऐकू येत होती, पाऊस थांबून थांबून पडत होता, आणि प्रत्येक घराने आपला हातखंडा पदार्थ करून आणावा एवढीच अट होती. जेवणे उरकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना, ज्यांचा गुण देण्याचा हात अजून थांबलेला नाही, एक कल्पना सुचली. प्रत्येकाने स्वतःच्या स्वयंपाकाला दहापैकी किती गुण द्याल ते चिठ्ठीवर लिहावे आणि नाव घालून चिठ्ठी डब्यात टाकावी.

चौदा चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेकींनी पाच किंवा सहा लिहिले होते. एकाच चिठ्ठीवर नऊ होते आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या, दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरीला असताना स्वयंपाक शिकलेल्या मुलाची होती. मी स्वतःला सात दिले होते. पहिल्या मजल्यावरच्या आक्कांनी मात्र चार लिहिले होते, आणि त्यांची चिठ्ठी वाचली गेली तेव्हा सगळे हसले, कारण गल्लीच्या यात्रेला चाळीस माणसांचे मटण मापाविना शिजवणारी ही बाई आमच्यापैकी प्रत्येकीची गुरू आहे. आक्का म्हणाल्या, "मी काय जेवण करतो गं, पोटं भरायचं काम करतो." (कोकणातून लग्न होऊन इथे आले तेव्हा बायकांनी 'मी करतो', 'मी जातो' म्हणणे मला विचित्र वाटे, आता मीच कधी कधी बोलून जाते.)

आक्कांचे चार हा निव्वळ विनय नव्हता असे मला नंतर वाटले. आपल्याकडे 'काही विशेष नाही हो' म्हणण्याची रीत आहे हे खरे, पण रीत म्हणून लिहायचे तर त्यांनी पाच लिहिले असते. चार लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी नेमके असते, एखादी करपलेली भाकरी किंवा एखाद्या पाहुण्याने ताटात टाकलेला घास. स्वतःला गुण देताना आपण शंभर चांगल्या जेवणांची सरासरी काढत नाही, फसलेले एक जेवण पुढे येऊन उभे राहते, आणि ज्याच्या गाठीशी फसलेली जेवणेच कमी असतात, तो नऊ लिहून मोकळा होतो.

चवीला आकडा देण्याचा खटाटोप तसा जुना आहे. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळून चाखणाऱ्यांना द्यायचा, आणि तिखट जाणवेनासे होईपर्यंत तो पातळ करत न्यायचा. जितके जास्त पातळ करावे लागेल, तितकी मिरची तिखट. या पद्धतीचा दोषही उघड आहे, कारण प्रत्येकाची जीभ वेगळी असते आणि दोन-चार वेळा चाखल्यावर ती बधिरही होते. तरी तिथे निदान मिरचीने स्वतःला गुण दिले नव्हते. आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांची गंमत अशी की परीक्षक आणि परीक्षार्थी एकच होते.

माझ्या सातांचा हिशेब मी त्या रात्री भांडी घासताना पुन्हा मांडला. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरी स्वयंपाक येतो की नाही हे प्रथम चटणीवरून ठरते, आणि इथे चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढायची ओली चटणी नव्हे, तर वर्षभर पुरणारी कांदा-लसूण चटणी. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, मसाले भाजायचे आणि सगळे घेऊन मिरची कुटणाऱ्या डंकावर जाऊन रांगेत बसायचे. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी, आणि दोन्हींचे प्रमाण हे प्रत्येक घराचे गुपित. आमच्या घरी एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धणे आणि शंभर ग्रॅम तीळ असे माप आहे. कांदा तेलात तळून कुरकुरीत झाला नाही, त्यात ओल राहिली, तर श्रावणापर्यंत चटणीला वास येऊ लागतो आणि पुढचे सात-आठ महिने घरातले सगळे ते मुकाट्याने सोसतात. माझी चटणी एकदाच बिघडली आहे. तरी चटणीत मी स्वतःला आठ देते, आणि हे आठ कुणी काढून घ्यायला आले तर मी भांडेन.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. बाहेरगावच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून लालभडक तेलात बुडालेले जे काही मिळते, ते कोल्हापूरच्या कुठल्याही घरात शिजत नाही. इथल्या जेवणात तिखट आहे, पण ते भाजलेल्या खोबऱ्याच्या, तिळाच्या आणि लसणाच्या आधाराने उभे असते. नुसते कान लाल करणारे तिखट केले तर आक्का 'हात सुटला' म्हणतात, कौतुक करत नाहीत.

भाकरीत मात्र माझे गुण जातात. माझ्या माहेरी तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करतात आणि तो हात वेगळा. शाळूचे, म्हणजे ज्वारीचे, पीठ तळव्याने मळून, परातीत थापून, कड फाटू न देता तव्यावर टाकायला मला पाच वर्षे लागली, आणि आजही माझी भाकरी एका कडेला जाड राहते. आक्का थापू लागल्या की परातीतून एकसारखा टप-टप आवाज येतो. माझा आवाज मध्येच अडखळतो. शेजारच्या घरातून नुसत्या आवाजावर ओळखू येते, आज कोण भाकऱ्या करते आहे ते. भाकरीला चार.

राहिला पांढरा रस्सा, जो मी त्या शुक्रवारी हातखंडा पदार्थ म्हणून मोठ्या अभिमानाने पातेलेभर करून नेला होता. त्याची कथा थोडी लांबच आहे. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवायचे आणि वरचे पाणी, ज्याला इथे अळणी म्हणतात, गाळून बाजूला ठेवायचे. लहान मुलांना आणि आजाऱ्याला ती अळणी वाटीने देतात. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखे बारीक वाटायचे, तुपात लवंग, मिरी, दालचिनी, वेलदोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून त्यावर हे वाटण परतायचे, पण त्याला रंग चढू द्यायचा नाही. मग अळणी घालून उकळायचे, आणि अगदी शेवटी आच मंद करून नारळाचे दाट दूध घालायचे. इथपर्यंत वाचून सोपे वाटेल. सगळी परीक्षा पुढच्या तीन-चार मिनिटांत असते. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात लटकलेले तेलाचे कण; त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी प्रथिने खळखळत्या उकळीने आकसली की तेल आणि पाणी वेगळे होते आणि रस्सा फुटतो. म्हणून दूध घातल्यावर डाव थांबवायचा नाही, कडेला पहिले बुडबुडे दिसले की गॅस बंद करायचा, आणि झाकण घट्ट लावायचे नाही.

हे सगळे मला आज येते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी येत नव्हते. यजमानांचे गडहिंग्लजचे काका-काकू पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि नारळाचे दूध घालून मी कोशिंबिरीकडे वळले तेवढ्यात पातेल्यात भसाभसा उकळी आली. परत पाहिले तर पांढऱ्या रश्शाच्या जागी ताकासारखे चोथापाणी आणि वर पिवळट तवंग. मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी डोकावून पाहिले, एक शब्द बोलल्या नाहीत, कढईत तेल तापवले, दोन पळ्या चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण परतले आणि माझा फुटका रस्सा त्यात ओतला. तांबड्यात चोथा दिसत नाही. त्या दिवशी काका-काकूंनी दोन तांबडे रस्से जेवले आणि जाताना काकू म्हणाल्या, "दुसऱ्याला जरा गोडवा जास्त होता, त्यात काय घातलंस?"

माझ्या मते त्या पाच मिनिटांसाठी सासूबाईंना दहापैकी दहा. पाककृती पाठ असणे वेगळे, आणि बिघडलेल्या पातेल्यासमोर उभे राहून याचे आता काय होऊ शकते हे दिसणे वेगळे. ती नजर माझ्याकडे अजून पुरती नाही. मला आधी घाबरायला होते, सुचते नंतर.

आक्कांकडे याही पुढचे काहीतरी आहे. देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आक्का पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी असे सगळे न चाखता करतात, आणि मीठ कधी चुकत नाही. मी एकदा जवळ उभी राहून पाहिले. मीठ त्या चमच्याने घेत नाहीत, बोटांच्या पेरांत घेतात, पातेल्यावर हात फिरवून सोडतात, मग आमटीची वाफ नाकाशी ओढून घेतात आणि कधी चिमूटभर आणखी घालतात, कधी नाही. वासावरून मीठ कळते का, असे विचारले तर म्हणाल्या, "कळतंय की. कच्ची आमटी येगळी वास मारती." मी त्यानंतर कितीदा तरी नाक लावून पाहिले. मला कढीपत्त्याचाच वास येतो.

अशा रीतीने सातांवरून मी साडेपाचावर उतरले होते. चिठ्ठ्या वाचून झाल्या त्याच रात्री, पातेली उचलता उचलता, नऊ गुणवाल्या मुलाने विचारले, "काकू, तुम्ही ते पिठलं का नाही आणलं?" मला आधी कळेचना, कसले पिठले. कंटाळा आला की मी माहेरचे कुळथाचे पिठले करते, लसणाची फोडणी, दोन आमसुले, हिरवी मिरची आणि बरोबर भात. पाहुण्यांपुढे ते कधी ठेवलेले नाही. परंतु या मुलाने ते आमच्याकडे अभ्यासाला येत असे तेव्हापासून खाल्ले आहे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घरचा पदार्थ म्हणजे तोच. वीस वर्षे मी पांढऱ्या रश्शामागे धावते आहे आणि लोकांच्या लक्षात राहिले आहे ते पंधरा मिनिटांचे पिठले, यावर हसावे की रुसावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिठले केले आणि वाटीभर आक्कांना नेऊन दिले. त्यांनी वास घेतला, बोट लावून चाखले आणि म्हणाल्या, "हे तर हुलग्याचं की गं! आमच्यात ह्याचं गूळ घालून माडगं करत्यात. तुमच्यात तिखट करत्यात व्हय?" कुळीथ आणि हुलगा एकच, हे मला माहीत होते, पण घाटाखालचे धान्य म्हणून मी ज्याचा डबा माहेरहून भरून आणत होते, ते त्यांच्या फडताळात दुसऱ्या नावाने बसलेले होते.

मी विचारले, "आक्का, दहापैकी किती?"

त्यांनी उत्तर दिले नाही. उठून आत गेल्या, त्यांच्या बरणीतली अर्धा चमचा चटणी वाटीत घातली, कच्चे तेल सोडले आणि उरलेल्या भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसून काढली. मग रिकामी वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या, "आमसूल जरा कमी घाल. आणि उद्या करशील तर मला हाक मार, किती पाणी घालतीस बघायचं हाय."