शेवरले सी-१५ए: सहाही रॉडना नवं व्हाइट मेटल

मागच्या वेळी माझ्या जुन्या लष्करी ट्रकचं इंजिन चेसिसवरून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, तिथे लिहिणं थांबलं होतं. त्यानंतरचे चार महिने सगळे कनेक्टिंग रॉडांत, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांत गेले. काल संध्याकाळी ते काम संपलं. हे इंजिन ज्यांच्याकडे आहे ते सगळे कधी ना कधी याच जागी अडणार, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीची ओळख थोडक्यात. १९४३ ची शेवरले सी-१५ए, १५ हंड्रेडवेटची (म्हणजे साधारण पाऊण टन माल वाहणारी), फोर व्हील ड्राइव्ह. कॅनडात फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी युद्धासाठी एकाच नमुन्याचे ट्रक बनवले, त्यांतली ही एक. केबिन सारखीच, इंजिनं मात्र आपापली: फोर्डचं व्ही-८, शेवरलेचं सरळ सहा सिलिंडरचं, २१६ घनइंची, ८५ हॉर्सपॉवरचं. या ट्रकच्या केबिनचे नमुने नंबरांनी ओळखतात, माझी तेरा नंबरची केबिन आहे. हिची पुढची काच वरच्या कडेला पुढे झुकलेली असते. उन्हाची तिरीप उडून वरच्या विमानाला गाडी दिसू नये, म्हणून ती तशी. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने यायच्या आणि गाड्या आपल्याकडे जोडल्या जायच्या. युद्ध संपल्यावर लिलावात निघालेल्या अशा कितीतरी गाड्यांच्या पुढे मालवाहू लॉऱ्या झाल्या.

माझी चंदगडकडच्या एका लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायला होती. रस्त्यावर फारशी गेलीच नाही, म्हणून डिझेल इंजिन टाकायचा खर्च तिच्यावर कोणी केला नाही. मूळचं पेट्रोल इंजिन वाचलं ते त्यामुळे. आजही भेटेल तो हेच सुचवतो की एखादं जुनं डिझेल बसव आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. या गाडीत ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून इंजिन बसलेलं असतं. ते बदललं तर गाडी चालवण्याचा अनुभवच बदलतो.

आता मूळ मुद्दा. या इंजिनात रॉडच्या बेरिंगला दाबाने तेल जात नाही. पंपाचं तेल मेन बेरिंगला, कॅमला आणि वर रॉकरला जातं. रॉडच्या टोपीला खाली एक छोटी पळी असते. पॅनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या तसराळ्यात, प्रत्येक रॉडखाली तेलाची पन्हळ असते, आणि कमी वेगात ती पळी त्या पन्हळीतून तेल उचलते. वेग वाढला की बाजूच्या नॉझलमधून निघालेली धार थेट त्या पळीत शिरते. मीटरवर १४-१५ पौंड दाब दिसला की नवा माणूस घाबरतो, पण या इंजिनाला तेवढाच असतो. नॉझल गाळाने तुंबलं तर मात्र मीटर काहीच सांगत नाही आणि रॉड जळतो. माझ्या पाच नंबरचं नेमकं हेच झालं होतं. नॉझलमध्ये काळा गाळ दगडासारखा बसलेला, आणि रॉडचं मेटल तडकून त्याचे तुकडे पॅनमध्ये पडलेले.

सुटं बेरिंग इथे नाहीच, व्हाइट मेटल (बेरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू) वितळवून थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. पहिल्यांदा सहाही रॉड एका वर्कशॉपमध्ये दिले. आठवड्यात परत आले, दिसायला चकचकीत. टोपीवर हलकं ठोकून पाहिलं तर आवाज बद्द. आधी रॉडला कथिलाचा पातळ थर नीट न देताच मेटल ओतलं होतं, त्यामुळे ते लोखंडाला धरलंच नव्हतं. दोन रॉडमधून तर ते नखाने सुटलं. पैसे गेले, त्याहून जास्त वाईट वेळ गेल्याचं वाटलं.

मग उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री भेटले. तरुणपणी ऑइल इंजिनांची बेरिंगं ओतायचे. म्हणाले, "मेटल वतायला काय, कोण बी वततंय. रॉड कथिल प्याला पायजे आधी." त्यांनी रॉड ॲसिडने धुतले, फ्लक्स लावला आणि कथिलाचा आरसा येईपर्यंत घासले. मेटल किती तापलंय ते कागदाची घडी बुडवून पाहिलं. कागद तपकिरी झाला की बरोबर, पेटला की जास्त. रॉड गरम ठेवूनच एका धारेत ओतलं, मध्ये थांबले नाहीत. थंड झाल्यावर ठोकलं तर टण्ण आवाज!

चार नंबरची क्रँकपिन (क्रँकचा ज्या भागावर रॉड बसतो तो) तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, लंबगोल निघाली, ती ग्राइंड करून घेतली. व्हाइट मेटलचा इथे मोठा फायदा आहे. प्रत्येक रॉड आपापल्या पिनेच्या मापाने बोअर करता येतो, घासलेल्या पिनेच्या मापाचं तयार अंडरसाइज बेरिंग शोधत हिंडावं लागत नाही. बसवताना टोपीखाली दोन-दोन थाऊचे शिम, म्हणजे पातळ पत्रे, घातले. एकेक शिम काढत गेलो, रॉड घट्ट वाटला की एक परत घातला. हातोडीच्या टिचकीने रॉड पिनेवर जरासा आडवा सरकला पाहिजे, पण वर-खाली खेळ जाणवता कामा नये. सहा रॉडना तीन रविवार लागले.

नॉझलची दिशा लावायला पॅन अंगणात घेतला आणि तेलाच्या नळीला बागेचा पाइप जोडला. शॉप मॅन्युअलच्या आकृतीवरून पत्र्याची पट्टी कापून, भोकं पाडून पॅनवर ठेवली होती. धार त्या भोकातून आरपार गेली पाहिजे. दोन नॉझल बरीच वाकडी होती. कोणीतरी पूर्वी पॅन आपटला असणार. ती हळूहळू वाकवून सरळ केली. सहाही धारा एकदम भोकांतून उडाल्या तेव्हा आईला हाक मारून बाहेर बोलावलं.

बाकी कामं फार पुढे गेली नाहीत. दाराचा रंग खरवडला: निळा, लाल, मग ऑलिव्ह ड्रॅब आणि सगळ्यात खाली तपकिरी. तोच तपकिरी परत द्यायचा आहे.

चाकांबद्दल मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गाडीची रिम दोन भागांची, नटबोल्टने जोडलेली असते. ते नट लाल रंगवायची लष्करात पद्धत होती, कारण टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर रिम फुटून माणूस मरतो. माझ्या चाकांवरचा लाल रंग कधीच उडून गेलाय. पंक्चरवाल्या पोराने पहिला पाना त्याच नटाला लावला होता, मी धावत जाऊन थांबवला. आधी व्हॉल्व्ह काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच हात लावा. मी त्याच दिवशी सगळे नट लाल रंगवले.

काल प्लग काढून हँडल मारलं. क्रँक एका हाताने फिरली, कुठे अडली नाही. रविवारी कॉर्क गॅस्केट लावून पॅन चढवतो, मग हेड. ९.००-१६ चे टायर कोणाकडे पडून असतील तर जरूर कळवा. सध्या गाडीवर ७.५०-१६ आहेत आणि ती त्यांच्यावर बसकी दिसते.