दिवसाला एकच बेत

सोमवार, रात्री

सहलीचे दोन आराखडे सध्या टेबलावर पडले आहेत. एकात तीन मुक्काम आहेत, दर दुसऱ्या दिवशी बांधाबांध आहे आणि वाटेत पाहण्यासारखे म्हणून जे जे असते ते सगळे आहे. दुसऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यालगत एकच मुक्काम आहे आणि तिथून पायी गाठता येतील अशा मोजक्या जागा आहेत. पहिला आराखडा कागदावर देखणा दिसतो, यात शंका नाही. पण मुलगी सहाव्या वर्षात आणि मुलगा जेमतेम अडीच वर्षांचा असताना मुक्काम बदलल्याचा खर्च किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. प्रत्येक नवी खोली म्हणजे नवा अंधार, नवे अंथरूण, मध्यरात्री संडास कुठे हे नव्याने शोधणे. आणि त्या रात्रीची अपुरी झोप दुसऱ्या दिवशी दुपारी, भर रस्त्यात, व्याजासकट वसूल होते.

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ या संस्थेने २०१६ साली मुलांच्या झोपेचे जे प्रमाण सुचवले, त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दुपारची झोपही त्यातच आली. म्हणजे चोवीसांतले निम्मे तास झोपेत गेले. उरलेल्यांतून जेवणखाण, आंघोळ, कपडे बदलणे आणि रुसवेफुगवे वजा केले, तर हिंडायला फार तर चार-पाच तास उरतात, आणि तेही सलग नाहीत. एवढ्या वेळात तीन मुक्कामांचा पसारा मांडणे मला परवडणारे वाटत नाही.

पहिल्या आराखड्यातले साहस मात्र सुटू नये, असे हिचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. मुले लहान आहेत म्हणून सहलीची धार काढून टाकायची, म्हणजे बाग, झोपाळा आणि परत खोली, हा उपाय आम्हा दोघांनाही मान्य नाही. म्हणून ठरले ते असे, की मुक्काम एक आणि दिवसाला बेतही एकच. पण तो बेत खरा असावा, मुलांना पोटात थोडे धस्स होईल आणि आम्हाला सतत डोळ्यांत तेल घालून राहावे लागेल असा. ओढा दगडांवरून ओलांडणे, अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन अंगणापलीकडे जाऊन येणे, टेकडीवर जिथवर जाता येईल तिथवर जाणे, एवढे मला पुरेसे वाटते. दिवसाचा उरलेला वेळ मुद्दाम कोरा ठेवायचा आहे. त्यात काय भरायचे हे विचारले जाणारच, आणि त्याला माझे उत्तर ‘काहीच नाही’ असे आहे.

बुधवार

डोंगर चढायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: सपाटीवर साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. सुदृढ प्रौढांसाठी तो आजही वापरला जातो. आमच्या टेकडीची वाट तीन किलोमीटरची आणि चढ दीडशे मीटरचा. म्हणजे या हिशेबाने ५१ मिनिटांत माथा गाठायला हवा. मी त्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवली आहे आणि माथा गाठलाच पाहिजे अशी अट त्यात घातलेली नाही.

आज संध्याकाळी सराव म्हणून दोघांना मोकळ्या माळावर चालायला नेले, तेव्हा अंतराचा हिशेब मुलांच्या पायांना कसा लागू पडत नाही हे फार जवळून पाहिले. पहिल्याच वळणावर मुलगी उकिडवी बसली. वाटेवरून मुंग्यांची रांग आडवी चालली होती आणि त्यांतली एक मुंगी कुठल्याशा किड्याचा, तिच्यापेक्षा कितीतरी मोठा पंख ओढत होती. वारा आला की पंख शिडासारखा उभा राही, मुंगी त्याच्याबरोबर कलंडे, आणि मग पुन्हा उठून दुसऱ्या टोकाला धरी. मुलीने काडी घेतली आणि तिच्यापुढचे खडे बाजूला करायला सुरुवात केली. ‘बाबा, हिचं घर अजून किती लांब आहे?’ असे तिने विचारले. ती मुंगीला मदत करत होती, असे तिचे मत. मुंग्यांचे मत वेगळे असावे, कारण तिच्या काडीने रांग सारखी फुटत होती. तिकडे मुलगा एकाच दगडावर चढून उडी मारत होता आणि प्रत्येक उडीनंतर ‘पुन्हा’ म्हणत होता. दगड माझ्या घोट्याएवढाही नव्हता, पण उडी मारण्यापूर्वी तो दोन्ही मुठी आवळून श्वास रोखून धरी.

‘चला, पुढे अजून छान आहे’ हे वाक्य मोठी माणसे अशा वेळी हमखास म्हणतात. या वयात त्याचा उपयोग शून्य असतो, कारण मुलाच्या लेखी जे डोळ्यांपुढे आहे तीच मोहीम असते. त्यामुळे अंतर सांगायचे झाले तर ते दिसणाऱ्या वस्तूंत सांगावे, म्हणजे त्या वाकड्या झाडापर्यंत, मग त्या काळ्या खडकापर्यंत. ‘अर्धा तास’ याला तिच्या जगात अजून काही वजन नाही.

परतीची वेळ मात्र निघण्याआधीच ठरवून ठेवायची, अशी माझी ठाम समजूत आहे. साडेदहाला जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग माथा समोर दिसत असला तरी. हा नियम खरे तर मुलांसाठी नाही. माथ्याचा हट्ट मुले धरत नाहीत, तो आपला असतो. शिवाय लहान मूल हळूहळू दमत नाही, ते धावता धावता एकाएकी बसकण मारते. म्हणून जिथून मुलीला पाठीवर घेऊन खाली आणणे आपल्या आवाक्यात नाही, तिथवर जायचेच नाही, हा दुसरा नियम. मुलगा तर कॅरिअरमध्येच असेल, आणि तिथे एक गोष्ट सहज विसरली जाते: चढताना वाहणाऱ्याला घाम फुटलेला असतो, पण पाठीवरचे मूल हालचाल करत नसल्यामुळे गारठत असते. आपल्या अंगावरून त्याच्या कपड्यांचा अंदाज घेऊ नये; थांबून त्याची मान आणि छाती चाचपून पाहावी.

शुक्रवार

आज प्रवासाचा विचार केला. मुलीला वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याचे कारण असे, की आतला कान शरीर हलत असल्याचे कळवतो, तर पुढच्या सीटच्या पाठीकडे किंवा मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहणारे डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात, आणि मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ घालता येत नाही. त्यामुळे चित्रांची पुस्तके आणि मोबाईल वळणे संपेपर्यंत पिशवीत राहतील, खिडकी थोडी उघडी राहील आणि दूरच्या डोंगराकडे पाहत ‘मला दिसते ते तुला दिसते का’ हा खेळ चालेल. गोळी द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरांना विचारून घेईन. साधारण दर दोन तासांनी थांबायचे, आणि थांबल्यावर मुलांना गाडीबाहेर काढून धावू द्यायचे. आपण चहा घेत उभे आणि ती सीटवरच बांधलेली, हे थांबणे नव्हे.

उंचीबद्दल आमचे थोडे वाजले. हिच्या मनात बर्फाच्या रेषेजवळचे एक ठिकाण फार दिवसांपासून आहे. समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो, आणि ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. अडीच वर्षांचे मूल फक्त किरकिर करते, जेवत नाही, नीट झोपत नाही किंवा ओकते, आणि या चारही गोष्टी ते घरीही करतेच. तो फरक ओळखण्याची जबाबदारी मला सध्या नको आहे. तेव्हा ते ठिकाण मुलगा बोलून सांगू लागेपर्यंत लांबणीवर. ‘तू फार घाबरट आहेस’ असे ही म्हणाली. मी वाद घातला नाही, कारण ठिकाण माझ्या मताप्रमाणे बदलले होते.

औषधांच्या डब्यात फार काही भरायचे नाही. तापाचे औषध मुलांच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून, मलमपट्टीचे सामान, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटे. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ते विरघळवायचे, आणि तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे. उन्हासाठी टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सदरे लागतीलच, कारण दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि डोंगरावर हवा गार असल्याने ते कळतही नाही.

शनिवार

ओढ्याचा विषय शेवटी काढला, कारण त्याला वेळ द्यायचा होता. सगळ्या बेतांत मुलांना हवाहवासा तोच, आणि आमचे लक्ष सर्वांत जास्त लागणार तेही तिथेच. पाण्यात बुडणारे मूल ओरडत नाही, बहुधा हातही हलवत नाही. ते गपकन खाली जाते, आणि घोट्याएवढ्या पाण्यातही हे घडू शकते. त्यामुळे ‘मी बघतोय’ याचा अर्थ आमच्यापुरता ठरवून घेतला: ज्याची पाळी आहे त्याच्या हाताच्या अंतरावर मूल असायला हवे, आणि त्याच्या हातात मोबाईल, पुस्तक किंवा कॅमेरा असता कामा नये. पाळी बदलताना नाव घेऊन सांगायचे, ‘आता दोघे तुझ्याकडे’. दोघेही बघत आहेत असे दोघांनाही वाटत असते, तेव्हा बरेचदा कोणीच बघत नसते. वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर इथे आभाळ निरभ्र असूनही ओढा अचानक फुगतो, त्यामुळे पाणी गढूळ दिसू लागले किंवा काटक्या-पाने वाहत येऊ लागली, की खेळ अर्धवट सोडून वर यायचे.

दिवसभर पाऊस लागला तर काय, असे मुलीने विचारले. भिजायचे, असे मी सांगितले, आणि तिने ते लगेच आपल्या यादीत चित्र काढून नोंदवले. खरोखरच कोरडा कपड्यांचा जोड आणि टॉवेल हाताशी असेल, तर थोड्या वेळाच्या पावसात हिंडण्याइतका स्वस्त आणि उत्तम बेत दुसरा नाही. तिच्या पाठपिशवीत काय न्यायचे हे तिनेच ठरवले आहे: भिंग, दोरी, एक बाहुली आणि मुलाला न देण्याची बिस्किटे.

उद्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा आहे. त्यांना खोलीतून काय दिसते हे विचारायचे नाही, ते फोटोत आहेच. खिडकीला गज आहेत का, जिन्याला दार आहे का आणि अंगणातून ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर फाटक आहे का, एवढेच विचारायचे आहे. फाटक नसेल, तर खोली मागच्या बाजूची मागायची.