क्षमा आणि हक्कसोडपत्र

त्या शनिवारी थोरला भाऊ ५०० रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेलं, वडिलांच्या वाडीतला बहिणीचा वाटा सोडून देण्याचं हक्कसोडपत्र घेऊनच बैठकीला आला. बहिणीचं नाव, वय, पत्ता, गट नंबर सगळं भरलेलं, फक्त सही बाकी. चर्चमागच्या खोलीत आई, दोन भाऊ, बहीण, फादर आणि वकील म्हणून मी बसलो होतो. प्रार्थना झाली, मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय वाचून झाला आणि त्याने कागद टेबलावर पुढे सरकवला. म्हणाला, "सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा असं आत्ताच वाचलं ना आपण? मग हिने मोठं मन करून फादरसमोर सही करावी. विषय संपला."

बहिणीने पेन उघडलंही होतं. मी तो कागद उचलून फायलीत ठेवला आणि सांगितलं, की आज इथे कुणाचीही सही होणार नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीचे भाव वाढले तशी वाडीची भांडणं वाढली. धर्मग्रामांत (एका चर्चखालच्या वस्तीत) अशी प्रकरणं फादरांकडे येतात, आणि कायद्याची बाजू बघायला ते एखाद्या वकिलाला सोबत बसवतात. शुभवर्तमान रोजच्या व्यवहारात आणायचं असेल तर त्याची खरी कसोटी इथे लागते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेजारी शेजारी बसणारी भावंडं विहिरीच्या पंपाच्या वेळेवरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. हे प्रकरण तसंच होतं, पण त्या कागदामुळे एक गोष्ट अगदी उघडी पडली. क्षमा मागितली जात होती ती ज्याच्याकडून चूक झाली त्याच्या सोयीसाठी, आणि द्यायची होती ती घरात जिचा आवाज सगळ्यांत बारीक तिने.

आधी कायदा सांगते, कारण तो माहीत नसला की शुभवर्तमानाच्या नावावर काहीही खपवता येतं. वडील मृत्युपत्र न करता गेले होते. ख्रिस्ती माणसाच्या वारसाहक्काला इथे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो (गोव्यातली व्यवस्था वेगळी आहे). त्याच्या कलम ३३ प्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना. मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक नाही, एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत ही कल्पनाच या कायद्यात नाही. वाडी १८ गुंठ्यांची. म्हणजे आईचे ६ गुंठे आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी ४. आईला वाटत होतं की आपला हिस्साच नाही, मुलं ठेवतील तसं राहायचं. थोरल्याचं म्हणणं होतं की बहिणीच्या लग्नाला वडिलांनी भरपूर खर्च केला, तिचा वाटा तेव्हाच गेला. कलम ४९ नेमकं यासाठीच आहे: बापाने हयातीत मुलाला किंवा मुलीला पुढे आणण्यासाठी जे दिलं ते नंतर वारसाच्या हिश्शातून वजा होत नाही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च होत नाही, तसा मुलीच्या लग्नाचाही नाही. हे कलम किती घरांत कुणी ऐकलेलंच नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आता मत्तय १८. पंधराव्या ते सतराव्या ओवीत येशूने समेटाची पद्धत दिली आहे, आणि ती क्रमाने आहे. पहिल्यांदा दोघंच एकांतात. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं, म्हणजे दोनतीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की होते. हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून, एकोणिसाव्या अध्यायातून आलेला. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. गावात बहुतेक वेळा हा क्रम उलटा होतो. भांडण आधी आळीत पोचतं, मग नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर, मग फादरांकडे, आणि ज्याच्याशी बोलायचं तो सगळ्यांत शेवटी. सगळ्यांसमोर नाव निघालं की माणूस अब्रू वाचवायला बसतो, मग त्याला चूक कबूल करणं जवळजवळ अशक्य होतं. पहिली पायरी एकांताची का, ते तिथे कळतं.

मत्तय १८ मधली सुरुवात ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडून आहे. मत्तय ५ मध्ये, तेविसाव्या ओवीत, ती दुसऱ्याकडून आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोन्ही उतारे एकत्र वाचले तर वाट दोन्ही बाजूंनी खुली होते. नुसता अठरावा वाचला तर सगळं ओझं दुखावलेल्याच्या डोक्यावर पडतं. म्हणून बैठकीत दोन्ही वाचावेत, आणि पाचवा आधी.

आणि सातांच्या सत्तर वेळा? त्यानंतरच्या दाखल्यात एका चाकराचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे कधीही न फिटणारं, कर्ज राजा सोडतो आणि तोच चाकर दुसऱ्याला शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, मत्तयच्याच विसाव्या अध्यायात ती ठरलेली दिसते. शंभर दिवसांची मजुरी ही गरीब माणसाला मोठी रक्कम आहे. दाखला म्हणतो ते कर्ज खरं होतं. ते नव्हतंच असं धरून कुणी क्षमा करत नाही. किती देणं आहे हे आधी समोर यायला हवं, मगच ते सोडायचं की नाही हे ज्याचं आहे त्याने ठरवायचं.

हे सगळं मी थोरल्याला त्या खोलीत सांगितलं नाही. सगळ्यांसमोर उपदेश ऐकवला असता तर तो कागद घेऊन निघून गेला असता. फादरांनी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं, मी बहिणीशी आणि आईशी वेगळं बोलले. असं वेगळं बोलणं प्रत्येक बैठकीत ठेवावंच. दुबळा माणूस समोरासमोर कधीच मनातलं सांगत नाही. बहीण म्हणाली, "ताई, मला चार गुंठे नकोतच असं नाही. पण दादाने एकदा विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो कागद आधीच टाइप करून आला." मी तिला सांगितलं, की हक्कसोड करायची असेल तर कर, ते तुझं दान आहे, पण माझ्याशिवाय दुसऱ्या वकिलाकडून समजून घे, आणि आज नको. नोंदणीसाठी दस्तावर सही झाल्यापासून ४ महिने मिळतात, घाई कुणालाच नाही. हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं आणि एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, हेही सांगितलं.

व्हरांड्यात फादरांनी लूकचा बारावा अध्याय उघडला होता. तेराव्या ओवीत गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वारसा वाटून द्यायला सांगा. येशू नकार देतो. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, असं विचारतो, आणि लगेच लोभापासून सांभाळा म्हणतो. मला हा उतारा अशा प्रकरणांत सगळ्यांत कामाचा वाटतो. वाटणी किती गुंठ्यांची हे तहसील कचेरी आणि न्यायालय सांगेल. फादरांनी हिस्से पाडायला बसूच नये. त्यांनी विचारायचा प्रश्न एकच: तुला हे इतकं का हवंय? थोरल्याने उत्तर दिलं ते असं, की वडिलांच्या आजारपणात सगळं मीच केलं आणि कुणी साधं नाव काढलं नाही. तोच गाठीचा धागा होता, आणि तो हक्कसोडपत्रात कुठेही लिहिलेला नव्हता.

परत आत आल्यावर मी वही मागितली. वाडीत दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, भाडं महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये, आणि वडील गेल्यापासून ६ वर्षं ते थोरला घेत होता. हिशोब असा लागला: एकूण २,८८,००० रुपये. घरपट्टी, छपराची दुरुस्ती आणि आईची औषधं यांच्या पावत्या १,०८,००० च्या निघाल्या, त्या सगळ्यांनी मान्य केल्या. उरले १,८०,०००. त्यात आईचे ६०,००० आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी ४०,०००. पावती नसलेला खर्च धरायचा की नाही यावर तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, की एकाने सांगितला आणि दुसऱ्याने मान्य केला तर धरायचा, नाहीतर सोडायचा. हिशोब बोलून न ठेवता मोठ्या कागदावर सगळ्यांना दिसेल असा लिहावा. आकडे भिंतीवर लागले की आवाज खाली येतात.

थोरला बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग फादरांना विचारलं, "जक्कयासारखं चौपट द्यायचं का आता?" लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय हा जकातदार, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देईन, असं म्हणतो खरं, पण ते त्याने स्वतःहून म्हटलं आहे, येशूने दर ठरवून दिला नव्हता. फादरांनी त्याला जुन्या करारातल्या ‘गणना’ पुस्तकातलं ५:७ दाखवलं: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. बहिणीला ४८,००० द्यायचे त्याने तिथेच कबूल केलं, दोन हप्त्यांत, बँकेतून, रोख नाही. आणि मग, हे ठरल्यानंतर, तो तिच्याकडे वळून म्हणाला की कागद आणायला नको होता. बहिणीने त्याला क्षमा केली. चार गुंठे सोडले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या आणि त्यांत काही विसंगत आहे असं त्या खोलीत कुणालाही वाटलं नाही.

आईने आपले ६०,००० सोडले, पण यापुढचं भाडं माझ्या खात्यात येऊ दे, मी वाटून देईन, असं स्पष्ट सांगितलं. ती बैठकीत पहिल्यांदाच बोलली होती.

धाकट्याचं मात्र जमलं नाही. सहाएक गुंठ्यांत तो फुलं घेतो, त्या उत्पन्नाचा हिशोब मागितल्यावर तो उठून गेला. मेहनत माझी, बी माझं, हिशोब कसला, हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. जमिनीच्या वापराचा मोबदला आणि मेहनतीचं फळ वेगळं काढावं लागेल. पण त्यासाठी बसायला हवं. त्याच्याबाबतीत आम्ही दुसऱ्या पायरीवर आहोत, त्याचा मामा आणि त्याचा एक मित्र त्याच्याशी बोलतात.

काही नातेवाइकांनी सुचवलं की तो ऐकत नाही तर मत्तय १८:१७ प्रमाणे त्याला परका समजा, सणाला बोलावू नका. याला मी आणि फादरांनी दोघांनीही ठाम नकार दिला. त्या ओवीत विदेशी आणि जकातदार यांच्यासारखा समजावा असं आहे, आणि ज्याच्या नावाचं हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसलेला होता. येशू त्याच्या घरी जेवला. शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्याखाली तो गुन्हा ठरतो आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत होऊ शकते.

ही पद्धत कुठे वापरू नये तेही सांगायला हवं. घरात मारहाण असेल तर "आधी एकांतात बोल" हा सल्ला जिवावर बेतू शकतो. तिथे पहिली पायरी सुरक्षित जागा आणि पोलीस. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर समेटाची बैठक घ्यायचीच नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, फादरांनाही आणि शेजाऱ्यालाही. शंका आली तर बैठक बोलावण्याआधी बाईला एकटीला विचारा, नवऱ्यादेखत नाही.

त्या दिवशीच्या ठरावाचं टिपण एक पानाचं केलं: हिशोबाचे आकडे, हप्त्यांच्या तारखा, बावखलाकडची (वाडीतल्या तळ्याकडची) वाट सगळ्यांना खुली राहील, पंपाच्या पाण्याच्या पाळ्या. जमिनीच्या हक्काबद्दल त्यात एक शब्दही घातला नाही. हक्क निर्माण करणारा कागद नोंदवावा लागतो आणि असं टिपण त्याची जागा घेऊ शकत नाही. वाचून दाखवलं, प्रत्येकाला प्रत दिली आणि आठवड्याने सह्या घेतल्या, तोपर्यंत कुणी काही बदलायचं म्हटलं तर मोकळीक होती.

जमिनीची वारसनोंद वेगळी केली. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठी कार्यालयात अर्ज. अर्जात चारही नावांपुढे हिस्सा मुद्दाम लिहिला, आईपुढे एक तृतीयांश, कारण नुसती नावं लागली की पुढे लोक चार सारखे भाग धरतात. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात; धाकट्याने हरकत घेतली नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर केला. खुंट्या मारून जमीन पाडायला कुणी घाई करू नये. ४ गुंठ्यांच्या तुकड्याला तुकडेबंदीचा कायदा आड येऊ शकतो, झोन कोणता आहे ते तहसील कचेरीत आधी विचारावं लागेल. पावसाळा संपला की धाकट्याच्या मामासोबत पुढची बैठक ठेवली आहे, आणि फुलांच्या उत्पन्नातून मेहनतीचा भाग कसा वेगळा काढायचा याचा कच्चा तक्ता मी थोरल्याकडे न देता धाकट्याकडेच पाठवला आहे, म्हणजे आकडे आधी त्याला स्वतःला घालता येतील.