टिंब टाकल्यानं काय होतं?

"फेसबुक आता फक्त 25 मित्रांच्याच पोस्ट दाखवतं म्हणे, खरं का गं?" मी छोट्या व्यावसायिकांची पेजेस सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: असं काही नाही.

जानेवारी 2018 मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की पेजेसपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट फीडमध्ये जास्त दिसतील. त्याच सुमारास, फेसबुक ठरावीक मित्रांच्याच पोस्ट दाखवतं आणि कमेंट आल्या की ही मर्यादा सुटते, असं सांगणारा मजकूर घरोघरी पोचला. 'कॉपी करून तुमच्या वॉलवर टाका, कमेंटमध्ये निदान एक टिंब तरी देऊन जा.' कुठे आकडा 25, कुठे 26. असा कुठलाही ठरावीक आकडा नाही, हे फेब्रुवारी 2019 मध्ये फेसबुकनंच सांगितलं. इन्स्टाग्रामवर पोस्ट 7 टक्केच फॉलोअर्सना दिसते, ही अफवाही कंपनीनं त्याच वर्षी जानेवारीत खोडून काढली.

तरी तो मजकूर फिरतोच, कारण टिंबं आली की फरक पडलेला डोळ्यांना दिसतो. माझ्या मावशीनं दिवाळीत चकलीचा फोटो टाकला, अकरा लाइक. मग तिनं तो मजकूर चिकटवला आणि संध्याकाळपर्यंत साठावर कमेंट! टिंबं, जोडलेले हात, "आहे गं मी", "दिसतेस की". शाळेतली एक मैत्रीण तर कित्येक वर्षांनी बोलली. मावशी म्हणाली, "बघ, उघडलं कुलूप."

कुलूप नव्हतंच. आपण फेसबुक उघडलं की दर वेळी नव्यानं रांग लागते. पोस्ट किती ताजी, कुणाची, आपण त्या माणसाशी एरवी किती बोलतो, यावर कमेंट करू अशी शक्यता किती, यावरून नंबर ठरतो. साठ जण बोलले की ती पोस्ट पुढे सरकणारच. पण ते बोलावणं होतं म्हणून लोक आले. पुढच्या शंकरपाळ्यांना पुन्हा तेरा लाइक.

पोस्ट कधीच मागे ढकलल्या जात नाहीत, असं मात्र नाही. भारतात फॅक्टचेकमध्ये खोटी ठरलेली पोस्ट खाली जाते. 'लाइक करा, टॅग करा' अशी गळ घालणाऱ्या पोस्टही खाली ढकलणार, हे फेसबुकनं डिसेंबर 2017 मध्येच सांगितलंय. इन्स्टाग्रामवर शंका आली तर सेटिंग्जमधलं 'अकाउंट स्टेटस' आधी उघडा. आपल्या पोस्ट नव्या लोकांना सुचवल्या जाताहेत की नाहीत, ते तिथं लिहिलेलं असतं. "माझी रीच दाबली", म्हणजे पोस्ट लोकांपर्यंत पोचू दिली जात नाही, म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा तिथंच नेते.

हे सगळं सांगितल्यावर मावशी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे चकली लोकांना दिसली, आणि तरी कुणी काही बोललं नाही?"

नाही गं मावशी. कित्येकांच्या रांगेत ती पुढे आलीच नसेल. तुझ्यावर कुणी रुसलेलं नाही, कुणी तुला विसरलेलंही नाही. फोन उचल, त्या मैत्रिणीला लाव आणि तिला चकली खायला बोलाव.