सावखेड्याला उतरू नका! यंत्राने काढलेला नकाशा घेऊन खान्देशात चार दिवस एसटीने

जानेवारीत पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत दोन कागद होते. एक चाळीसगावपर्यंतचं रेल्वेचं तिकीट. दुसरा ए-थ्री आकाराचा नकाशा, माझ्या लॅपटॉपने काढलेला. मी फक्त गावं, गाड्या आणि थांब्यांचा क्रम भरला होता. कुठली रेघ कुठे वळवायची, कुठलं नाव कुठे लिहायचं, हे सगळं त्याचं त्याने ठरवलं होतं.

मेट्रोच्या डब्यात दारावर लावतात तसा हा नकाशा. सरळ रेघा, ठरावीक वळणं, टिंबं. ही पद्धत रुळवली लंडनच्या हॅरी बेकने. तो विजेच्या सर्किटांची रेखाटनं करणारा माणूस. 1931 साली त्याने भुयारी रेल्वे आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेघांत बसवली आणि 1933 मध्ये तो नकाशा छापून लोकांच्या खिशात गेला. जमिनीखालच्या माणसाला वर कुठला रस्ता कसा वळतो याच्याशी देणंघेणं नसतं, गाडी कुठे बदलायची एवढंच त्याला हवं असतं, हा त्याचा हिशेब. लाल परीच्या खिडकीतल्या माणसाचंही तेच.

बेकने हाताने केलं ते आता संगणकाकडून करून घेतात. आठच दिशा वापरायच्या आणि गावाभोवती फुटणाऱ्या रेघांचा क्रम बिघडवायचा नाही, हे नियम मोडता येत नाहीत. रेघ शक्यतो वळू नये, दोन टिंबांत अंतर सारखं राहावं, नावं एकमेकांवर चढू नयेत, या झाल्या इच्छा. नियम पाळून जास्तीत जास्त इच्छा पुऱ्या करणारी मांडणी शोधायची. ऐकायला सोपं वाटतं, पण गावं वाढली की गणित आवाक्याबाहेर जातं, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या चोरवाटा काढतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचं 'लूम' हे मुक्त सॉफ्टवेअर मी वापरलं. त्याला जीटीएफएस या साच्यात वेळापत्रक द्यावं लागतं. हा साचा 2005 च्या सुमारास गुगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बससेवेने मिळून घडवला. थांबे एका फाइलीत, मार्ग दुसरीत, फेऱ्या तिसरीत, कुठली गाडी कुठे किती वाजता ते चौथीत. माझ्याकडे तयार काहीच नव्हतं. दोन मामेभाऊ आणि एका मावशीने स्थानकांवरच्या वेळापत्रक फलकांचे फोटो धाडले. ते बघून दिवाळीच्या सुट्टीत सगळं हाताने भरलं. मावशीच्या निम्म्या फोटोंत तिचा अंगठा होता.

नकाशा पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. धरणगावात वाढलेला माणूस मी, पण खान्देश म्हणजे एक आडवी शिडी आहे हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. खालचा दांडा भुसावळ-सुरत रेल्वेचा: जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. वरचा दांडा सातपुड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचा: रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. मधून तापी. आणि शिडीच्या पायऱ्या म्हणजे तापीवरचे पूल. खान्देशात फिरताना रस्ता नव्हे, पूल निवडायचा असतो. मागून येणाऱ्यांनी एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

प्रवासाचा नियम एकच ठेवला: नकाशा सांगेल तसंच वागायचं, आपलं शहाणपण वापरायचं नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा पास काढला. सात दिवसांचाही मिळतो. ओळखपत्र आणि फोटो जवळ ठेवा. बाईमाणसाला साध्या तिकिटातच निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही, तेव्हा त्यांनी पास काढण्याआधी हिशेब करून बघावा.

चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेने गेलो. छपन्न-सत्तावन्न किलोमीटरची ही फाट्याची लाइन धुळ्यात जाऊन संपते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. म्हणजे रस्त्यांच्या नकाशात धुळे चौफुली आणि रेल्वेच्या नकाशात शेपटीचं टोक. बोरविहीर-नरडाणा लाइनचं काम चालू आहे. ती झाली की शेपूट थेट खालच्या दांड्याला चिकटेल. धुळ्याचं स्टेशन आणि बसस्थानक यंत्राने एकाच टिंबात कोंबलं होतं. सामान घेऊन रिक्षा शोधताना ते टिंब केवढं मोठं आहे ते कळलं. नकाशा बनवणाऱ्यांनो, अशा ठिकाणी दोन टिंबं काढा आणि मधे 'रिक्षा' असं लिहा. धुळ्यात बाकी काही केलं नाही. पारोळा, एरंडोल करत जळगावला मावशीकडे मुक्काम.

दुसऱ्या दिवशी भुसावळवरून पूल ओलांडून यावल. इथून अमळनेरला जायचं होतं. शहाण्या माणसाने चोपडा गाठावं. पण माझ्या नकाशात यावलच्या शेजारीच 'सावखेडा' नावाचं टिंब होतं आणि तिथून एक झकास हिरवी रेघ सरळ खाली अमळनेरला जात होती. चोपड्याचा वळसाच वाचत होता. नियम म्हणजे नियम. गेलो.

उतरलो ते गाव होतं सावखेडा सीम. शेडमध्ये एक आजोबा उन्हाला पाठ देऊन बसले होते, बाजूला केळीच्या खोडांची ट्रॉली उभी. विचारलं, "बाबा, अमळनेरची गाडी किती वाजता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अमळनेर? इथून?"

"हो, सावखेड्यावरूनच जाते ना?"

"ते सावखेडं वेगळं भो. ते तापीच्या पल्याड, पुलाजवळ. हे सीम." मग नकाशा मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि माझ्या हातात परत दिला. "गावं चुकीची नाही तुमची. एकावर एक ठेवली."

हिरवी रेघ खरी होती. चोपडा-अमळनेर रस्ता निमगव्हाणला तापी ओलांडतो आणि पलीकडे सावखेडा लागतं. पण तेही सावखेडा आणि हेही सावखेडा. थांबे भरताना मी क्रमांक न देता नावं दिली आणि यंत्राने सारख्या नावाची गावं एक समजली. दोन्ही सावखेड्यांच्या मधे अख्खा चोपडा तालुका आहे. चूक शंभर टक्के माझी. पण यंत्राने एवढा आत्मविश्वासाने रंग भरला होता की शंका घ्यावी असं वाटलंच नाही. हाताने काढलेल्या नकाशात कच्ची जागा रेघ थरथरली की कळते. यंत्राची रेघ खऱ्या गावालाही तेवढीच ठसठशीत आणि खोट्या जोडालाही. बेकच्या पद्धतीत अंतर खोटं असतं ते चालतं, कारण अंतराने माणूस अडकत नाही, गाडीत बसून राहतो. जोड खोटा निघाला की शेडमध्ये दीड तास जातो. मी बसलो तेवढा.

त्यामुळे खान्देशचा नकाशा करायचा असेल तर सावखेडा, वडगाव, पिंपळगाव, लोणी ही नावं दिसली की हात आखडा. प्रत्येकापुढे तालुका लिहा. आणि 'फाटा' हा शब्द गाळू नका. गाडी फाट्यावर थांबते, गाव आत असतं. नकाशावर नुसतं गावाचं नाव दिसलं की पाहुणा भर दुपारी फाट्यावर उभा राहतो.

यावलला परत, तिथून चोपडा. रात्री बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडीत गेलात तर भरितासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवाच.

तिसऱ्या दिवशी खऱ्या सावखेड्यावरून अमळनेर, तिथून रेल्वेने दोंडाईचा, मग सारंगखेड्याचा पूल ओलांडून शहादा. सगळे जोड बरोबर निघाले, म्हणून सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत या पुलाचा भरवसा धरू नका, प्रकाशा गावाच्या पुलावरून या.

चौथी संध्याकाळ शहाद्याची. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका गावी माझा शिक्षक मित्र असतो, त्याच्याकडे जाणारी मुक्कामी गाडी पकडली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी जाऊन गावातच राहणारी आणि सकाळी परत फिरणारी. माझ्या नकाशावर ही रेघ शहादा-नंदुरबारच्या रेघेइतकीच जाड होती. तिकडे दिवसभर गाड्या, इकडे ही एक! कंडक्टरदादांना नकाशा दाखवला. त्यांनी पहिल्यांदा डोंगराकडचं हे टोक पाहिलं.

"दिवसातून एकदा जाते आणि तुम्ही हायवे काढला," ते म्हणाले. मग गाडी थांबलेली असताना पेनाने त्या रेघेवर बारीक आडव्या खुणा करत गेले. "हा एक टप्पा. हा दुसरा. इथे तिसरा संपतो."

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. कंडक्टरच्या डोक्यात आख्खा महाराष्ट्र या सारख्या तुकड्यांत कापलेला असतो. माझ्या यंत्राने टिंबांमधलं अंतर दिसायला बरं म्हणून सारखं केलं होतं. ते टप्प्यागणिक केलं असतं तर त्याच नकाशात भाडंही मोजता आलं असतं. इतकी साधी गोष्ट सुचायला मला सातपुड्यापर्यंत यावं लागलं.

रात्री ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपले, मी मित्राकडे. माझा पास मध्यरात्री झोपेतच संपला आणि सकाळी परतीचं तिकीट काढावं लागलं. पासाचा शेवटचा दिवस मुक्कामी गाडीला जोडू नका. तोरणमाळला वर जाणार असाल तर चढण्याआधी उतरायची गाडी विचारून घ्या. तीही नकाशाला नाही, शहाद्याच्या चौकशी खिडकीवर. जीपवाला भेटतो, पण तो जीप भरेपर्यंत निघत नाही.

प्रकाशावरून नंदुरबारला पोचलो. स्टेशनवर गाडीला वेळ होता, लॅपटॉप उघडला. दोन्ही सावखेडे वेगळे केले, रेघेची जाडी फेऱ्यांवर ठरवली, दिवसाला एक-दोनच फेऱ्या असतील तिथे तुटक रेघ. पुन्हा चालवलं. मिनिटभरात नवा नकाशा आला, आणि अमळनेर भलत्याच जागी! एक गाव दुरुस्त केलं तर त्याला जागा द्यायला यंत्राने निम्मा जिल्हा सरकवला होता. हा या पद्धतीचा मोठा दोष. वेळापत्रक बदललं की नकाशा लगेच बदलता येतो म्हणून तर यंत्र हवं, पण दर वेळी गावं हलली तर पाठ झालेला नकाशा पुसला जातो. शेवटी तापी आणि दोन्ही दांडे जागेवर खिळवून टाकले आणि मधल्या गावांनाच हलायची मुभा दिली. मग बसला.

आता सगळ्या खान्देशाचा एक नकाशा करण्याचा नाद सोडलाय. लंडनच्या बसथांब्यांवर त्या भागातून निघणाऱ्या गाड्यांचाच कोळिष्टकासारखा नकाशा लावतात. तसा आगारागणिक वेगळा काढतोय. शहाद्याच्या माणसाला रावेर कशाला हवं? तिरप्या ओळीत मात्रा आणि वेलांट्या एकमेकांत घुसतात, म्हणून नावं आडवीच ठेवली. पहिला यावलचा झाला. त्यावर सावखेड्यापुढे ठळक अक्षरांत 'सीम' आहे.